सोयाबीन काढणीचा विळा

सोयाबीनची पानं गळून शेंगा खुळखुळू लागल्या की लातूरच्या गंजगोलाई बाजारात विळ्याची चौकशी सुरू होते. घ्यायचा तर दातेरीच घ्या, असं माझं ठाम मत आहे. पिकलेलं सोयाबीनचं खोड लाकडासारखं टणक होतं. सपाट पात्याची धार गेली की झटके द्यावे लागतात, आणि वाळलेली शेंग झटक्याने तडकून दाणे रानातच सांडतात. दातेरी पातं नुसतं ओढलं तरी खोड कापतं. कोकणात भाताला शिफारस होते तो वैभव विळाही दातेरीच. दात मुठीकडे झुकलेले, एकसारखे हवेत. बोथट झाले की घरच्या कानशीने पुन्हा काढणं कठीण, म्हणून पात्याला पाणी नीट दिलंय ना, हे विचारून घ्या. घडीचा मोठा चाकू या कामाचा नाही; खीळ ढिली झाली की पातं बोटांवर येतं. आणि मूठ! काढणीला बहुतेक बायाच असतात, विळे मात्र गडीमाणसांच्या पंजाच्या मापाने घेतले जातात. जाड मुठीने दुपारपर्यंत तळहाताला फोड येतो. विळा जिच्या हाती जाणार, तिलाच दुकानात न्या.