पिशवी कुणाची, निर्णय कुणाचा?

गेल्या महिन्यात पालकांच्या बैठकीनंतर एका आईनं मला बाजूला घेतलं. "ताई, हिची पिशवी काढून टाकली तर सुटेन मी." मुलगी सोळा वर्षांची, बौद्धिक अपंग. पाळीचं सगळं आईच करते, आणि धुण्याभांड्याची चार घरंही आईच करते. कायदा सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

सुप्रजननशास्त्र म्हटलं की आपल्याला हिटलर आठवतो. पण सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा १९०७ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं केला. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं व्हर्जिनियाच्या कॅरी बकची नसबंदी आठ विरुद्ध एक मतानं योग्य ठरवली. आई मंदबुद्धी, लेक मंदबुद्धी आणि तिची तान्ही मुलगीही तशीच, असा शिक्का मारला गेला. कॅरीवर खरं तर बलात्कार झाला होता. सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या अब्रूपायी तिची रवानगी संस्थेत झाली. ती तान्ही मुलगी पुढे शाळेत चांगली शिकत होती. आठव्या वर्षी वारली. कॅरीच्या बहिणीला अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. मूल का झालं नाही, हे तिला म्हातारपणी कळलं.

त्याच १९२७ साली ना. सी. फडक्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, भारतात सुप्रजननाची चळवळ हवी असं मांडणारं. प्रस्तावना मार्गारेट सँगर यांची. संततिनियमनासाठी जन्मभर झगडलेल्या याच त्या बाई! मला हे पचवायला जड जातं. 'नको असलेलं मूल' आणि 'नको असलेल्यांचं मूल' एकाच तोंडून बोललं गेलं, आणि आपण त्यातलं पहिलंच लक्षात ठेवलं.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या संस्थेतल्या, तेव्हाच्या भाषेत 'मतिमंद', मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारणं दिली ती पाळीच्या स्वच्छतेची आणि गर्भ राहण्याच्या भीतीची. स्त्री संघटनांनी जोरदार विरोध केला. गर्भाची भीती म्हणजे बलात्काराचीच भीती ना? पिशवी काढून बलात्कार थांबत नाही, फक्त तो उघडकीला येत नाही.

२०१६ च्या कायद्यानं अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारे उपचार करायला मनाई आहे. पण त्या आईला कायद्याआधी दुपारचे चार तास हवे आहेत, मुलीला सांभाळणारं कुणी तरी हवं आहे. आमच्या वस्तीत असं केंद्र नाही. तूर्त दर गुरुवारी मी आणि एक मैत्रीण कापडी बाहुली घेऊन त्यांच्या घरी जातो, पॅड कसं बदलायचं ते मुलीला दाखवायला.