सत्कार पुरे, वस्ताद हवा

दिवाळी सरली की अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा या सगळ्या पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. कुणा दादांचा चषक, कुणा भाऊंचा चषक, कुठे मोहल्ल्याच्या नावाचा चषक. पहिलं बक्षीस 51 हजार, मालिकावीराला सायकल नाहीतर फ्रीज, रात्रीच्या सामन्यांना मोठाले दिवे आणि माइकवर मराठी, उर्दू, अहिराणीची खिचडी असलेली कॉमेंट्री. मजा येते, त्यात वाद नाही. आयोजकांची ऐपत असेल तर फायनलला एखादा मोठा खेळाडूही येतो. फीत कापतो, दोन चेंडू टोलवतो, शाल-श्रीफळ घेतो, शंभर-दोनशे सेल्फी देतो आणि गाडीत बसतो. दुसऱ्या दिवशी फायनल जिंकून देणारा डावखुरा बॉलर गॅरेजवर असतो, कीपर केळीच्या ट्रकवर आणि कॅप्टन फळांच्या गाडीवर.

त्या पाहुण्याबद्दल माझी तक्रार नाही. आपण त्याला फीत कापायलाच बोलावलं होतं, त्याने ती कापली. मला विचारायचं आहे ते आपल्याला, म्हणजे मोहल्ल्यातल्या खेळणाऱ्या पोरांना, त्यांच्या अब्बा-अम्मींना आणि चषक भरवणाऱ्या मंडळींना. मोठ्या खेळाडूकडे मागायचं काय, हे आपल्याला ठाऊक आहे का?

2011 च्या विश्वचषक विजेत्या संघात तीन मुस्लिम खेळाडू होते. झहीर खान, मुनाफ पटेल आणि युसूफ पठाण. मोठ्या शहरातल्या सधन घरचा त्यांतला एकही नाही. त्यांची पोस्टरं आपल्या गल्ल्यांत लागली, पण ते तिथवर पोचले कसे ही गोष्ट कुणी नीट सांगितली नाही.

झहीर आपल्यासारखाच. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा, मराठी शाळेत शिकलेला. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. मुलाने इंजिनिअर व्हावं असा घरचा सरळ बेत होता. सतराव्या वर्षी वडील त्याला मुंबईला घेऊन गेले आणि तो सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात दाखल झाला. नाईक तीनच कसोटी खेळले, पण 1970-71 साली त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला होता. मुंबईच्या मैदानांवर त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते वजन त्यांनी श्रीरामपूरहून आलेल्या, ओळखीपाळखी नसलेल्या एका पोरामागे उभं केलं. पुढे चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन, मुंबईच्या संघात जागा मिळेना म्हणून बडोदा, तिथे 2000-01 चा रणजी करंडक आणि अखेर 92 कसोटींत 311 बळी. विश्वचषकाच्या फायनलला वानखेडेवर झहीरच्या पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव होती, सहा धावा आणि एक बळी. ती खेळपट्टी तयार करणारे क्युरेटर होते सुधीर नाईक. टीव्हीवर शिष्य दिसला. गुरू मैदानाच्या कडेला कुठेतरी असेल.

मुनाफ भरूच जिल्ह्यातल्या इखर गावचा. टाइल्सच्या कारखान्यात रोजंदारी करायचा. बडोद्यात भारताचे माजी यष्टिरक्षक किरण मोरे यांच्या अकादमीत त्याचा चेंडू दिसला आणि मोरे यांनी त्याला पुढची वाट दाखवली. युसूफचा धाकटा भाऊ इरफान मशिदीच्या आवारात वाढला, वडील तिथे मुअज्जिन. त्याला घडवलं दत्ताजीराव गायकवाड यांनी. 1959 च्या इंग्लंड दौऱ्यातले भारताचे कर्णधार! 2024 च्या फेब्रुवारीत ते 95 व्या वर्षी गेले, तेव्हा इरफानने लिहिलेली आठवण मला विसरता येत नाही. मोतीबाग मैदानावरच्या वडाच्या सावलीत आपल्या निळ्या मारुतीत बसून ते बडोद्यासाठी नवी पोरं हेरत असायचे. भारताचा माजी कर्णधार, एक जुनी गाडी आणि वडाचं झाड. कितीही मोठं नाव असलं तरी लागतं ते एवढंच, फक्त ते वर्षानुवर्षं द्यावं लागतं.

नाईक, मोरे, गायकवाड. नावं वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्यात एक समज घट्ट बसलाय की 'आपला' मोठा झाला तरच तो आपल्याला वर ओढेल, बाकी कुणी कशाला बघेल. त्या समजाला जागोजागी मिळालेल्या वागणुकीचा आधार आहे, मी तो झटकून टाकत नाही. पण या तीन मराठी नावांनी मुलाचं आडनाव बघितलं नाही, मनगट बघितलं. तेव्हा आपणही दार ठोठावताना पाटीवरचं आडनाव बघून माघारी फिरू नये.

हल्ली याला 'मेंटॉर' म्हणतात. आपल्याकडे जुना शब्द आहे, वस्ताद. उस्तादचाच मराठी अवतार, तालमीतल्या मातीत रुजलेला. वस्ताद म्हणजे नुसते डाव शिकवणारा नव्हे. पोरगा तालमीत का आला नाही म्हणून त्याच्या घरी जाणारा, त्याच्या खुराकाची सोय करणारा, कुठल्या मैदानात कुणाशी जोड लावायची आणि कुणाशी अजून नाही हे ठरवणारा. आणि आपल्या नावावर त्याला मैदानात उतरवणारा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कारण आपल्या पोरांचं बहुतेक वेळा अडतं ते खेळात नाही, दारात.

अमळनेरच्या पोराने खरं क्रिकेट खेळायचं ठरवलं तर काय होतं ते बघा. आधी टेनिस बॉल सोडून लेदर बॉल धरायचा. चांगल्या बॅटची किंमत ऐकूनच निम्मे गळतात. मग जिल्ह्याच्या निवडीसाठी जळगाव, त्यापुढे सगळा कारभार पुण्यात. चाचणी कधी आहे, फॉर्म कुठे मिळतो, कुणाला फोन करायचा, हे ज्याला माहीत असतं त्याच्याच मुलाला माहीत असतं. त्यातून पोचलाच, तर कागद. आमच्या ओळखीतला एक मुलगा, तेरा वर्षांचा, चेंडू दोन्हीकडे वळवणारा, एका निवडीच्या ठिकाणी टेबलावरूनच परत आला. जन्मदाखल्यावर 'शेख', आधारवर 'शैख' आणि शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. तिथे कुणी वाईट वागलं असंही नाही. नियम आहे, म्हणाले. पण त्या टेबलापाशी एखादा माजी रणजीपटू उभा असता आणि एवढंच म्हणाला असता की, याला बॉल टाकू द्या, कागद आठ दिवसांत मी आणून देतो, तर? मोठ्या नावाचा उपयोग असतो तो इथे. व्यासपीठावर त्याला हार घालून काय मिळतं?

मोठ्या नावालाही याची किंमत मोजावी लागते, हे विसरू नका. वसीम जाफरचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं आहे. वडील मुंबईत बेस्टचे बसचालक. मुंबईसाठी ढिगाने धावा करून हा माणूस उतारवयात विदर्भाकडून खेळायला गेला. विदर्भ म्हणजे क्रिकेटमधला आपला खानदेशच, कुणाच्या हिशेबात नसलेला. पहिला मोसम करारावर खेळल्यावर दुसऱ्यात दुखापतीमुळे खेळता आलं नाही, तरी असोसिएशनने पैसे दिले. म्हणून पुढच्या मोसमात त्याने स्वतःहून फुकट खेळण्याची तयारी दाखवली. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार नागपूरचा फैज फजल आणि ड्रेसिंग रूममध्ये पोरांच्या शेजारी बसलेला जाफर. 2017-18 आणि 2018-19, लागोपाठ दोन वर्षं विदर्भाने रणजी करंडक जिंकला. चाळिशीतल्या जाफरने दुसऱ्या मोसमात हजारावर धावा केल्या. शेजारच्या खुर्चीवर बसून शिकवणं ते हेच.

हाच जाफर पुढे उत्तराखंडचा प्रशिक्षक झाला. 2021 च्या फेब्रुवारीत निवडीतल्या ढवळाढवळीला कंटाळून त्याने राजीनामा दिला आणि लगेच तो मुस्लिम खेळाडूंना झुकतं माप देतो असा आरोप त्याच्यावर आला. त्याने पत्रकारांसमोर बसून एकेक मुद्दा खोडला. अनिल कुंबळेने उघडपणे त्याची बाजू घेतली. इरफान आणि आणखी काही जण बोलले. बाकीचे दिग्गज, ज्यांच्यासोबत तो वर्षानुवर्षं एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसला होता, ते गप्प राहिले. मला वाटतं, तरुण मुस्लिम खेळाडूला त्या आठवड्यात जो धडा मिळाला तो शंभर शिबिरांनी पुसला जाणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर मोहम्मद शमीवर गरळ ओकली गेली, तेव्हा कर्णधार विराट कोहलीने जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभं राहून दाखवलं. तोही धडाच होता, वेगळा.

मग मुस्लिम स्टारने मुस्लिम पोरांना मदत करावी की नाही? करावी, पण उघड्या मैदानात. 2018 मध्ये इरफान जम्मू-काश्मीर संघाचा मार्गदर्शक झाला तेव्हा त्याने खुल्या चाचण्या घेतल्या, वाड्या-वस्त्यांवरच्या पोरांना बॉल टाकायला, बॅट फिरवायला बोलावलं. अब्दुल समद त्याच्या नजरेत भरला तो तिथेच, आणि दोन वर्षांत तो आयपीएलमध्ये दिसला. वडाखालच्या निळ्या गाडीचा वारसा असा जम्मूपर्यंत गेला. चाचणी सगळ्यांना खुली असेल तर आरोप टिकत नाही. आणि चाचणी आपल्या मोहल्ल्याजवळ असेल तर आपली पोरं आपसूक येतात, त्यासाठी वेगळी पाटी लावावी लागत नाही.

जो अजून स्वतः खेळतोय त्याच्याकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये असं माझं मत आहे. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. जो स्वतःच आखाड्यात आहे त्याला तर सगळेच राखून ठेवावे लागतात. निखत झरीनची मेरी कोम ही आदर्श. 2019 मध्ये निखतने फक्त एवढंच मागितलं की ऑलिम्पिक पात्रता फेरीसाठी आमची सरळ चाचणी घ्या, आणि त्यासाठी तिला क्रीडामंत्र्यांना पत्र लिहावं लागलं. डिसेंबरात लढत झाली, मेरी जिंकली आणि तिने हातही मिळवला नाही. मेरीला दोष देण्यात मला रस नाही. पण निखत पुढे 2022 आणि 2023 ची जगज्जेती झाली ती बापाच्या जिवावर. निजामाबादचे मोहम्मद जमील स्वतः खेळाडू. मुलगी चड्डी घालून खेळते म्हणून नातेवाइकांचे टोमणे त्यांनी वर्षानुवर्षं ऐकले आणि तिला पुढे पाठवत राहिले.

इथे आपल्या घरात डोकवावं लागेल. आपल्या शाळांतल्या मुली सातवी-आठवीपर्यंत कबड्डी, खो-खो जीव तोडून खेळतात. दहावीनंतर त्यांतल्या किती मैदानावर दिसतात ते तुम्हीच मोजा. त्यांना कुणी बाहेरच्याने रोखलेलं नाही. घरच्या उंबऱ्यावरच गाडी थांबते. म्हणून मला वाटतं, एखादी माजी राष्ट्रीय खेळाडू आपल्याकडे येणार असेल तर तिला स्टेजवर नेऊ नका. दुपारी कुणाच्या तरी घरी अम्मी, खाला, फुफी जमवा आणि तिला त्यांच्यात बसवा. बाहेरगावी सामना असला की राहतात कुठे, सोबत कोण असतं, कपडे काय, लग्नाचं काय, असे प्रश्न त्या विचारतील. ज्या बाईने हे सगळं निभावलंय तीच याची उत्तरं देऊ शकते. कुठल्याही भाषणाने ते होत नाही.

मोठं नाव फार लांब शोधायचीही गरज नाही. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी आपल्याच जिल्ह्यातला, चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा. आज पोलीस अधिकारी आहे. अशा माणसाला आपल्या एखाद्या जमातीने, मंडळाने, उर्दू शाळेने कधी पत्र लिहिलंय का, की वर्षातून चार रविवार आमच्या पोरांना द्या? सत्काराला नव्हे, मातीत उतरायला. नकार आला तर येईल. विद्यापीठाकडून खेळलेला शिक्षक, रेल्वेतला निवृत्त खेळाडू, जिल्हा संघातला जुना बॉलर, हेही आपल्या पोरांसाठी पुरेसे मोठेच आहेत.

अमळनेरच्या माणसाला धीर धरायला शिकवायची गरज पडू नये. 1945 मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कितीतरी घरांनी ते शेअर विकले नाहीत, बाजार कसाही असो, राखून ठेवले. त्या घरांची आज काय स्थिती आहे ते गावाला माहीत आहे. पोरांच्या बाबतीत मात्र आपण एका रात्रीत 51 हजार उडवतो आणि मार्चमध्ये प्रशिक्षकाच्या महिन्याच्या मानधनासाठी वर्गणी मागितली की खिसे चाचपतो.

यंदाच्या स्पर्धांची पत्रकं छापायला जातील तेव्हा प्रमुख पाहुण्यांच्या नावाखाली एक ओळ वाढवा. फायनलच्या दिवशी सकाळी 8 ते 11, सोळा वर्षांखालच्या मुला-मुलींची लेदर बॉलवर नेट्स, पाहुणे स्वतः बघतील. बॅट, बूट नसले तरी चालेल. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला मात्र सोबत आणा, नावात फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज तिथेच भरून मिळेल.