समाजशास्त्राचा धडा आणि आपल्या सोयरिकी

जालना जिल्ह्यातील बौद्ध घरांतून मुले-मुली महाविद्यालयात समाजशास्त्र शिकू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. या शास्त्राचा जनक म्हणून त्यांना ऑगस्ट कोंत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचे नाव सांगितले जाते. राज्यक्रांतीने विस्कटलेला समाज निसर्गशास्त्राच्या शिस्तीने अभ्यासावा, या हेतूने त्याने १८३८-३९ च्या सुमारास या शास्त्राचे नामकरण केले. पुढे १८९७ साली दुर्खाइमने आत्महत्येसारखी अगदी खाजगी वाटणारी कृतीसुद्धा समाजबंधनांच्या सैल-घट्टपणावर अवलंबून असते, हे आकड्यांनिशी दाखविले. मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडेस यांच्या हाती सुरू झाला.

परंतु त्याच्याही तीन वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. ते विद्यार्थी म्हणजे परमपूज्य बाबासाहेब! रिस्ले, नेसफिल्ड, सेनार, केतकर यांची मते त्यांनी तपासली आणि जातीचे खरे लक्षण विटाळ नव्हे, वंश नव्हे, तर जातीतच लग्न करण्याचे बंधन होय, असा निष्कर्ष काढला. गोत्राबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर हे बंधन चढविले गेले, तेव्हा जात जन्मास आली. मग कुंपणातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राखणे भाग पडले. सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही त्याचीच साधने. पुरोहितवर्गाने प्रथम स्वतःला कोंडून घेतले व इतरांनी त्याचे अनुकरण केले, हे सांगताना त्यांनी तार्द या फ्रेंच पंडिताच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. हा निबंध १९१७ साली छापला गेला. समाजशास्त्राच्या पहिल्या धड्यात त्याला कोंत-दुर्खाइम यांच्या शेजारी जागा हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंधु-भगिनींनो, आता हाच सिद्धांत आपल्या ओसरीवर आणून पाहा. आपण दीक्षा घेतली, देव्हारे काढले, लग्ने त्रिशरण-पंचशीलाने लावू लागलो. पण लग्नाआधीच्या बैठकीत काय चालते? पाहुणे चहा संपवितात आणि हळूच विचारतात, “मूळचे कोणते म्हणायचे?” पूर्वाश्रमीची पोटजात जुळली नाही तर शिकलेले स्थळ परत जाते. मातंग समाजातून धम्मात आलेल्या घराशी सोयरीक करावयाची म्हटले, तर पुष्कळांचे तोंड उतरते. हे मी परक्याचे उणे काढीत नाही. आमच्या भावकीच्या बैठकीतही मी हे ऐकले आहे, आणि संकोचाने गप्प बसलो आहे. बाबासाहेबांनी दाखविलेले जातीचे ते एकमेव लक्षण आपण सांभाळून ठेवले, तर बाकी काय सोडले म्हणावयाचे?

तेव्हा येत्या लग्नसराईत परिचयपत्रावर पोटजातीचा रकाना छापूच नये. बैठकीत कोणी तो प्रश्न काढलाच, तर वडीलधाऱ्यांनी थोडे थांबावे आणि घरात समाजशास्त्र शिकणारी मुलगी असेल, तिला उत्तर देऊ द्यावे.