मोटारींना तळघर, ढोलकीला माळरान!

पुण्याचें बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालीं लोकांच्या पैशांतून उभें राहिलें. तें पाडून टोलेजंग नवें बांधावें, अशी टूम महापालिकेनें २०१८ च्या अंदाजपत्रकांत काढली, आणि शहरांत रण माजलें. पाडा म्हणणारे म्हणाले, मोटारी लावायला जागा पुरत नाहीं! नको म्हणणारे म्हणाले, आमच्या आठवणी गाडल्या जातील. फडाचा ट्रक कोठें लावावा, हें मात्र दोघांनाहि सुचलें नाहीं.

बाबांनो, तमाशाचा फड दसऱ्याला निघतो तो सावकाराची उचल डोक्यावर घेऊन. ट्रक त्याचा, कनात त्याची, जागा जत्रेच्या माळावर मिळेल ती. विठाबाई नारायणगांवकरांना राष्ट्रपतींनीं गौरविलें. २००२ सालीं त्या गेल्या त्या हलाखींतच.

आणि मोटारींचें कोडें एवढें अवघड कसें? १ जानेवारीला आमच्या कोरेगांव भीमेजवळ पेरण्याच्या जयस्तंभाला लाखों लोक येतात. गाड्या लांबच्या रानांत लावतात, पुढें सरकारी व्यवस्थेच्या बसनें जातात. लाखांना जमतें तें हजारभर खुर्च्यांच्या प्रेक्षकांना कां जमूं नये? कीं पाय झिजतात?

कोणी म्हणेल, पालिकेचा पैसा पालिकेच्या हद्दींतच. कबूल! मग सरकारनें शिरूर-दौंडच्या जत्रेच्या गांवीं एक पक्का चौथरा, वीज, पाणी आणि फडांतल्या बायांना कपडे बदलायला दार लागणारी एक खोली द्यावी. येत्या दसऱ्याच्या आंत.