तोफांचं गाव, लाकडाचं चर्च

उत्तर रशियातल्या पेत्रोझावोद्स्कला उतरणारे बरेच प्रवासी या शहराकडे एसटी कॅन्टीनकडे पाहावं तसं पाहतात. चहा घ्यायचा आणि पुढची गाडी धरायची. इथं गाडीऐवजी बोट असते. उन्हाळ्यात ओनेगा सरोवराच्या धक्क्यावरून सुसाट बोट निघते आणि सव्वा तासात कीझी बेटावर सोडते. मीही तेच केलं.

कीझीचं चर्च १७१४ सालचं. उंची ३७ मीटर, घुमट २२, आणि त्यांवर ॲस्पनच्या लाकडाची कौलं, ऊन पडलं की चांदीसारखी. ‘एकही खिळा नाही’ हे वाक्य ऐकल्याशिवाय सुटका नाही. ते अर्धंच खरं. ओंडके खाचेत खाच बसवून रचलेत, पण कौलांना खिळे आहेतच. शिवाय १९८०च्या दशकात इमारत खचू लागल्यावर आत चक्क पोलादी सांगाडा उभारावा लागला. मग चर्च अधांतरी उचलून थराथरानं सडके ओंडके बदलले, आणि २०२० साली ते पुन्हा खुलं झालं. दंतकथा म्हणते, काम संपल्यावर नेस्टर सुतारानं कुऱ्हाड सरोवरात फेकली. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या कथेपेक्षा मला ही आवडते. इथं निर्णय निदान कारागिराचा होता.

शहराचा वारसा मात्र लोखंडाचा. पेत्रोझावोद्स्क म्हणजे पीटरचा कारखाना. १७०३ साली स्वीडनशी युद्ध पेटलेलं, पीटर द ग्रेटला तोफा हव्या होत्या. जवळ लोहखनिज होतं, भट्टीला जंगल होतं आणि यंत्रं फिरवायला लोसोसिंका नदी. म्हणून कारखाना इथं उभा राहिला; शहराचा दर्जा मात्र थेट १७७७ साली मिळाला. म्हणजे लोखंडाची भट्टी आणि ते लाकडी नवल एकाच राजाच्या कारकिर्दीतलं, एकाच पाण्याकाठचं. हे मला बोटीतून परतताना सुचलं, आणि शहरासाठी फक्त एक संध्याकाळ ठेवल्याची चुटपुट लागली.

ती संध्याकाळ मी घाटावर काढली. हातात कालित्का होती, राईच्या पिठाची, बटाट्याचं सारण भरलेली. तोंड बंद करायला विसरलेली करंजीच म्हणा. समोर अमेरिकेतल्या डुलुथ शहरानं भेट दिलेले दोन धातूचे कोळी जाळं फेकत होते. रात्रीचे अकरा वाजले तरी उजेड हटेना. पुतळ्यांच्या पलीकडे एक आजोबा गळ टाकून बसले होते. त्यांच्या बादलीत तीन मासे होते.