एल्साला स्थळ आले आहे

कार्टूनपट म्हणजे केवळ पोरांची करमणूक, असे मानणाऱ्या प्राध्यापकवर्गाने हे पान उलटून पुढच्या कवितेकडे वळावे. वार्षिकात पुढच्या पानावर कविता असतेच. उरलेल्या वाचकांशी मला एका लग्नाविषयी बोलायचे आहे.

वर : जॅक फ्रॉस्ट, ड्रीमवर्क्स कंपनीच्या २०१२ सालच्या 'राइज ऑफ द गार्डियन्स'मधला. वधू : राणी एल्सा, डिस्नेच्या २०१३ सालच्या 'फ्रोजन'मधली. दोन कंपन्या, दोन कथा. पण हौशी चाहत्यांनी घरच्या संगणकावर दोन्ही चित्रपट कापले, एकमेकांना जोडले, वर एक रडके गाणे चढवले आणि या दोघांचा संसार थाटून दिला. दोन्ही नावांचा संधी करून 'जेल्सा' असा शब्दही पाडला. व्याकरणाच्या सरांनी त्याचा विग्रह करून दाखवावा.

लग्न जमले कशावरून? तो काठी टेकवील तिथे बर्फ, ती हात लावील तिथे बर्फ. एवढ्या भांडवलावर! पत्रिका कोणी पाहिलीच नाही. वराचे वय तीनशे वर्षे, वधूचे राज्याभिषेकाच्या दिवशी एकवीस. शिवाय दोघांचे गोत्र एकच, हिम! आपल्याकडचे भटजी असते तर पंचांग मिटून नुसता चहा पिऊन गेले असते.

आता कारागिरी पाहा. प्रत्येक चित्रातून पात्राची कड कापायची, दोन चित्रपटांचे रंग जुळत नाहीत म्हणून सगळ्यावर निळी छटा ओढायची, एवढे सगळे जमते. जमत नाही ती नजर. मूळ चित्रपटात एल्सा बहिणीकडे किंवा दरबाराकडे पाहत असते. ते डोळे जोडकामात जॅकच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे लागतात. प्रियकर प्रेमाची कबुली देतो आहे आणि प्रेयसी बहुधा घड्याळ पाहते आहे! गंमत अशी की, जॅकच्या स्वतःच्या चित्रपटात, ज्यांचा त्याच्यावर विश्वास नाही त्यांना तो दिसतच नाही. माणसे त्याच्या आरपार चालत जातात. म्हणजे हौशी दिग्दर्शकाच्या हातून झालेली चूकच मूळ कथेशी सर्वांत इमानदार ठरते.

पण माझी खरी तक्रार या शिवणीबद्दल नाही. 'फ्रोजन'मध्ये पहिल्याच भेटीत लग्न ठरवणाऱ्या ॲनाची फजिती होते. तिचे गोठत चाललेले हृदय केवळ खऱ्या प्रेमाच्या कृतीनेच वितळणार असते. आपण सवयीने चुंबनाची वाट पाहतो आणि ॲना धावत येणाऱ्या क्रिस्टॉफकडे पाठ फिरवून बहिणीवर उगारलेल्या तलवारीपुढे उभी राहते. एल्साला तर संपूर्ण चित्रपटात नवराच नाही. कथेने एवढ्या कष्टाने दाराबाहेर ठेवलेला नवरदेव चाहते खिडकीतून आत घेतात आणि वर अक्षताही टाकतात.

आणि या घाईत त्यांच्या हातून केवढी मोठी गोष्ट निसटते! जॅक हा मुळात एक साधा मुलगा. गोठलेल्या तळ्यावर पातळ बर्फ तडकू लागला तेव्हा त्याने धाकट्या बहिणीला वाचवले आणि स्वतः बुडाला. पुढे त्याला याची आठवणसुद्धा उरली नाही. तिकडे आपल्याच बर्फाने बहिणीचा जीव जाईल, या भीतीने एल्सा वर्षानुवर्षे दाराआड कोंडून राहिली. या दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखे खरोखर काही आहे आणि ते प्रेमगीतात मावणारे नाही. मी पाहिलेल्या चित्रफितींत तरी हे दोघे त्याविषयी अवाक्षर काढत नाहीत.

मी या छंदाची टिंगल करतो, पण त्याला तुच्छ लेखत नाही. १९८८ साली 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये मिकी माऊस आणि बग्ज बनी एका पडद्यावर आले, तेव्हा त्यासाठी दोन बलाढ्य कंपन्यांना आपसांत वाटाघाटी कराव्या लागल्या. हौशी पोरांना ना परवानगी लागते, ना मोबदला मिळतो. कोणाचीही कोणाशीही गाठ घालून देण्याची इतकी मोकळीक लेखकांनासुद्धा क्वचितच लाभली असेल. अशी मोकळीक हाती असताना आपल्याला फक्त वरमाला सुचते. आपल्या स्नेहसंमेलनातल्या एकांकिकांचेही तेच. विषय दुष्काळाचा असो की बेकारीचा, शेवटी नायक-नायिका हात धरून उभे!

दोन पात्रे भेटली की त्यांचे लग्न लावलेच पाहिजे असे नाही. त्यांना आधी बोलू द्या. बोलण्यासारखे काही निघाले, तर कथा आपोआप होईल. नाही निघाले, तर निदान मांडवाचा खर्च वाचेल.