‘पूर्वीची निर्मळ टूर’ : एक सोयीची दंतकथा

१/
दर जुलै महिन्यात टूर डी फ्रान्स सुरू झाली की समाजमाध्यमांवर काही कृष्णधवल छायाचित्रे फिरू लागतात. खांद्यावर जादा टायर गुंडाळलेले, धुळीने माखलेले, क्वचित तोंडात सिगारेट धरलेले सायकलपटू त्यांत दिसतात. खालची ओळ ठरलेली असते : ‘तेव्हा खेळ निर्मळ होता, पुढे पैशाने आणि औषधांनी तो नासवला.’ #थ्रेड #इतिहास

२/
ही ओळ कानाला गोड लागते. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ती टिकत नाही. शिवाय ती निरुपद्रवीही नाही. पूर्वी सारे शुद्ध होते असे एकदा मानले, की प्रत्येक घोटाळा एखाद्या पापी खेळाडूच्या माथी मारता येतो. स्पर्धा भरवणारे, संघांचे मालक, वृत्तपत्रे आणि चाहते या साऱ्यांची मग सहज सुटका होते.

३/
प्रथम पैशाचा मुद्दा. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये ‘ल व्हेलो’ हे क्रीडा दैनिक हिरव्या कागदावर निघत असे. त्याचे संपादक पिएर जिफार. त्या काळी ड्रायफस प्रकरणाने फ्रान्स दुभंगला होता : आल्फ्रेद ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ घेण्यात आला होता. जिफार ड्रायफस यांच्या बाजूने उभे राहिले.

४/
मोटारनिर्माते काउंट द दिओं विरुद्ध गटात होते. ते आणि त्यांच्यासारखे काही मोठे जाहिरातदार जिफार यांच्यापासून दूर झाले आणि १९०० साली त्यांनी स्वतःचे दैनिक काढले. त्याचे नाव ‘लोतो-व्हेलो’, कागद पिवळा आणि संपादक आँरी देग्रांज. नावातील साम्यावरून खटला झाला. देग्रांज हरले आणि १९०३ च्या आरंभी ‘लोतो’ एवढेच नाव उरले.

५/
खप वाढत नव्हता. नोव्हेंबर १९०२ मध्ये जेओ लफेव्र या तरुण वार्ताहराने एक कल्पना मांडली : सायकलवरून अख्ख्या फ्रान्सला टप्प्याटप्प्याने फेरी. १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळच्या माँजरों येथून ६० सायकलपटू निघाले. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. अखेरपर्यंत २१ जण पोहोचले. एके काळी धुराडी साफ करणारे मोरिस गारँ विजयी झाले.

६/
‘लोतो’चा खप सुमारे २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला. ‘ल व्हेलो’ पुढच्याच वर्षी बंद पडले. एका वृत्तपत्राने दुसऱ्याला संपवण्यासाठी योजलेला हा उपाय होता. टूरचा जन्मदाखला शोधायचा झाल्यास तो जाहिरातींच्या आणि खपाच्या हिशेबवहीत सापडतो.

७/
टप्प्यांची रचनाही त्याच हिशेबातली आहे. एका दिवसाची शर्यत एका दिवसाचा अंक खपवते. अनेक दिवस चालणारी शर्यत क्रमशः कादंबरीसारखी रोज पुढचा अंक घ्यायला लावते. रस्त्याकडेला उभ्या माणसाला शर्यत क्षणभरच दिसे. उरलेली कळण्यासाठी त्याला अंक विकत घ्यावाच लागे. १९१९ मध्ये आघाडीवीराला पिवळी जर्सी दिली गेली. ‘लोतो’चा कागदही पिवळाच होता.

८/
आता प्रामाणिकपणाचा मुद्दा. त्यासाठी दुसरीच टूर पाहावी. १९०४ मध्ये सेंत-एतिएनजवळच्या रेपुब्लिक घाटात, रात्रीच्या अंधारात, स्थानिक सायकलपटू आंत्वान फोर यांच्या समर्थकांनी गारँ आणि इतर स्पर्धकांवर हल्ला चढवला. जमाव पांगवण्यासाठी हवेत गोळ्या झाडाव्या लागल्या. रस्त्यांवर खिळे पसरण्यात आले. काही स्पर्धकांवर मोटारीचा आणि रेल्वेचा आधार घेतल्याचे आरोप झाले.

९/
वर्षअखेरीस पहिले चारही क्रमांक बाद ठरवण्यात आले. त्यांत गारँही होते. पाचवे आलेले आँरी कोर्ने विजेते घोषित झाले. शर्यत संपली तेव्हा त्यांचे वय वीस वर्षेही पूर्ण नव्हते. ही दुसरी टूर शेवटचीच, असे देग्रांज यांनी लिहून टाकले. १९०५ मध्ये टूर पुन्हा निघाली. अंक खपत होते.

१०/
‘पण त्या काळची जिद्द!’ हा पुढचा युक्तिवाद. जिद्द खरी होती, यात शंका नाही. परंतु ती कोणत्या परिस्थितीत दाखवावी लागली, हे छायाचित्र सांगत नाही. १९१० मध्ये टूर प्रथमच पिरेनीज पर्वतातल्या उंच घाटांवर नेण्यात आली. ऑबिस्क घाट चढताना ऑक्ताव्ह लापीझ यांनी आयोजकांना उद्देशून ‘खुनी’ असा शब्द फेकला. त्या वर्षीची टूर त्यांनीच जिंकली, म्हणजे ही पराभूताची कुरकुर नव्हती.

११/
१९१३ मध्ये तूरमाले घाटात यूजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरून मदत घेण्यास मनाई होती. सायकल खांद्यावर टाकून ते काही तास डोंगर उतरत चालले. सेंत-मारी-द-काँपाँ गावातल्या लोहाराच्या भट्टीवर त्यांनी स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. तरीही त्यांना वेळेचा दंड झाला. कारण, भाता एका मुलाने हलवला होता!

१२/
ही कथा आज शौर्यगाथा म्हणून सांगितली जाते. त्या दिवशी क्रिस्तोफ यांना विजयाची संधी गमवावी लागली. तिच्यातला खरा नायक क्रिस्तोफ असतील, तर खलनायक नियमावली होती, आणि ती नियमावली वृत्तपत्राच्या मालकीची होती. यातना जितकी मोठी, तितका उद्याचा मथळा मोठा. गिअर बदलण्याची यंत्रणा बाजारात उपलब्ध असूनही टूरमधल्या व्यावसायिकांना तिची मुभा १९३७ पर्यंत मिळाली नाही.

१३/
तिसरा मुद्दा औषधांचा. १९२४ साली, आदल्या वर्षीचे विजेते आँरी पेलिसिए, त्यांचे बंधू फ्रान्सिस आणि सहकारी मोरिस व्हिल यांनी तिसऱ्या टप्प्यात शर्यत सोडली. थंड पहाटे अंगात चढवलेली जादा जर्सी ऊन चढल्यावर टाकून देण्यास मनाई होती. कोणी किती जर्सी घातल्या आहेत हे पाहण्यासाठी अधिकाऱ्याने पेलिसिए यांची जर्सी उचलून तपासली. हा अपमान त्यांना सहन झाला नाही.

१४/
कुताँस येथील एका कॅफेत पत्रकार आल्बेर लाँद्र यांनी त्यांना गाठले. वर्षभरापूर्वीच लाँद्र यांनी फ्रेंच गयानातल्या कैद्यांच्या वसाहतीवर वार्तांकन केले होते. पेलिसिए यांनी पिशव्या उघडून दाखवल्या : डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय गोळ्या. ‘ल पेती पारिझियँ’ या मोठ्या खपाच्या दैनिकात हे सारे छापून आले.

१५/
भावांनी काही गोष्टी रंगवून सांगितल्या असे मानले, तरी एक बाब नाकारता येत नाही : १९२४ नंतर फ्रान्समधील कोणाही क्रीडाप्रेमीला ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरली नाही. उत्तेजक द्रव्यांविरुद्धचा फ्रेंच कायदा आला १९६५ मध्ये. मधली चार दशके अज्ञानाची नव्हती; दुर्लक्षाची होती.

१६/
१९६६ मध्ये बोर्दो येथे प्रथमच तपासणीसाठी डॉक्टर आले. दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी निषेध म्हणून सायकलवरून उतरून पायी चालून दाखवले. वर्षभरातच, १३ जुलै १९६७ रोजी, माँ व्हाँतूच्या उघड्या-बोडक्या चढावर, भर उन्हात, ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन कोसळले आणि मरण पावले. वय २९. शवविच्छेदनात ॲम्फेटामिन आढळले.

१७/
या मृत्यूचेही दंतकथेत रूपांतर झाले. ‘मला पुन्हा सायकलवर बसवा’ अशा आशयाचे सिम्प्सन यांचे अखेरचे वाक्य जगभर प्रसिद्ध आहे. ते ज्या पत्रकाराने प्रसृत केले, तो त्या जागी उपस्थित नव्हता. एका तरुणाच्या टाळता येण्याजोग्या मृत्यूला वीरमरणाचा साज चढला, आणि त्याला त्या अवस्थेत चढावर कोणत्या व्यवस्थेने धाडले, हा प्रश्न मागे पडला.

१८/
जुलै १९९८ मध्ये फेस्तिना संघाचे मालिशवाले विली व्हुत यांची गाडी फ्रान्स-बेल्जियम सीमेवर अडवण्यात आली. आत इपीओ आणि इतर द्रव्यांचा मोठा साठा सापडला. एका व्यक्तीच्या लोभाने एवढा साठा जमत नाही; त्यामागे अख्ख्या संघाची व्यवस्था होती. फेस्तिनाची हकालपट्टी झाली, सायकलपटूंनी रस्त्यावर बसून संप केला, आणि निघालेल्या १८९ पैकी ९६ जणच पॅरिसला पोहोचले.

१९/
पुढील वर्षीच्या टूरला शुद्धीकरणाची टूर म्हणून गौरवण्यात आले. त्याच टूरमध्ये क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच सायकलपटू वृत्तपत्रातील आपल्या स्तंभातून शंका मांडत होता. सहकाऱ्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले. आघाडीवर असलेल्या लान्स आर्मस्ट्राँग यांनी त्याला घरी जाण्याचा सल्ला दिला. बासों खरोखरच शर्यत सोडून गेला. त्या जुलैत जयजयकार कोणाचा झाला, हे सर्वश्रुत आहे.

२०/
ऑक्टोबर २०१२ मध्ये आर्मस्ट्राँग यांची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्यानंतर त्यांना शिव्या देणे अगदी स्वस्त झाले. बासों बोलत होता तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहणे महाग होते, आणि चाहत्यांपैकी फारच थोड्यांनी ती किंमत मोजली. पूर्वीच्या निर्मळ काळाची दंतकथा इथे उपयोगी पडते : ती चाहत्याला आरशापासून वाचवते.

२१/
चाहत्यांचा इतिहासही निष्कलंक नाही. १९०४ चा रेपुब्लिक घाट वर आलाच आहे. १९५० मध्ये आस्पँ घाटात गर्दीने केलेल्या दांडगाईनंतर जिनो बार्ताली आणि सारे इटालियन सायकलपटू टूर सोडून गेले. १९७५ मध्ये प्युई द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने एडी मर्क्स यांच्या पोटाच्या बाजूला ठोसा मारला. २०२१ च्या पहिल्याच टप्प्यात कॅमेऱ्यासमोर फलक धरण्याच्या नादात एका प्रेक्षकाने अख्खा जथा पाडला. टूरला तिकीट नाही, बहुतेक रस्त्यावर कुंपणही नाही. हे स्वातंत्र्य दुर्मीळ आहे. म्हणूनच त्याची जबाबदारीही मोठी आहे.

२२/
इथे दुसऱ्या टोकाचे मत ऐकू येते : ‘सगळेच चोर, मग पाहायचे कशाला?’ तेही तितकेच आळशी आहे. या खेळात जे सुधारले, ते कोणी बोलल्यामुळे किंवा कोणी मेल्यामुळे सुधारले. १९९१ मध्ये शिरस्त्राणाच्या सक्तीला सायकलपटूंनीच विरोध केला होता. मार्च २००३ मध्ये कझाकस्तानचे आंद्रेई किविलेव शर्यतीत पडून मरण पावले, आणि त्याच वर्षी सक्ती आली. सारेच सारखे म्हणणारा माणूस पेलिसिए, बासों आणि किविलेव यांचे ऋण पुसून टाकतो.

२३/
पुण्या-मुंबईतल्या घरात टप्प्याचा शेवट रात्री नऊच्या सुमारास दिसतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीमुळे ‘घाटाचा राजा’ हा किताब मराठी चाहत्यांना परका नाही. चढावर एकटा पुढे निघालेला सायकलपटू पाहून काळजाचा ठोका चुकतो, आणि तो चुकावाच. त्याबरोबर तीन प्रश्नही विचारले जावेत : हा नियम कोणाच्या सोयीचा? या यातनेचा पैसा कोणाला? आज कोण बोलतो आहे, आणि त्याच्याशी कोणी बोलणे टाकले आहे?

२४/
टूरच्या विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे कोणाचेही नाव नाही. १९९६ चे विजेते बियार्ने रीस यांनी २००७ मध्ये इपीओ घेतल्याची कबुली दिली; त्यांचे नाव मात्र कायम आहे. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी अभ्यासाला सुरुवात याच यादीपासून करावी. पुढच्या जुलैत ते कृष्णधवल छायाचित्र पुन्हा समोर येईल. तेव्हा खांद्यावरचा टायर पाहून थांबू नये. तो टायर त्या खांद्यावर वाहायला लावणारा नियम कोणी लिहिला, तेही सांगावे. #टूरडीफ्रान्स #क्रीडाइतिहास